कमरेवरचा व्रण

धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी आवळली गेल्याने तेथील त्वचेत कर्करोग उद्भवू शकतो, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये नमूद केले. आणि परकराच्या घट्ट नाडीखालीही हाच क्रम घडतो, म्हणजे त्वचा प्रथम काळवंडते, मग खरखरीत होऊन तिचे पापुद्रे सुटतात, आणि क्वचित तेथे न भरणारा व्रण होतो. संकोचापोटी कंबर न दाखवणाऱ्या स्त्रिया तो नायटा समजून मलमावर दिवस काढतात, याची फार खंत वाटते. कडा उंचावलेला, कठीण व्रण दिसताच वैद्यांनी कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास पाठवावा. वेळीच निदान झाल्यास भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह तो कापून काढणे बहुधा पुरेसे असते. त्वचा नुसतीच काळवंडली असल्यास नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, तो सैल बांधावा.