निवारा आणि क्षय

श्रोतेहो, दिवाळी सरली की आपल्या रायगडच्या किनारपट्टीतल्या कितीतरी कातकरी वाड्या ओस पडू लागतात. पेण, रोहा, अलिबाग, मुरूड, कुठेही पाहा. दाराला दोरी बांधलेली आणि बिऱ्हाड बायकामुलांसह वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर गेलेले. अडीनडीला घेतलेली उचल फेडायची असते ना! पावसाळ्याच्या तोंडाशी ही मंडळी परततात.

आता कोणी विचारील, यात आरोग्याचा प्रश्न कुठे आला? तोच सांगतो.

क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने रोज घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. पण ऑक्टोबरात औषध सुरू झाले आणि नोव्हेंबरात बिऱ्हाड हलले, तर? खोकला जरा थांबला की रोग्याला वाटते, बरे झालो. औषध सुटते आणि रोग उलटतो. मग कधीकधी तो नेहमीच्या गोळ्यांना दादच देत नाही.

भट्टीवरचा निवारा कसा, ठाऊक आहे? कच्च्या विटा रचायच्या आणि वर गवत किंवा प्लास्टिक घालायचे. त्या एवढ्याशा खोपीत पाचसात माणसे, चुलीचा धूर, आणि वारा यायला वाट नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. त्यांना याहून सोयीची जागा कोणती? गावी परतल्यावर तरी पक्के घर बांधावे, तर वाडीखालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते.

शिवाय पोट अर्धे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांनाही दरमहा शिधा देऊन पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. फक्त रोग्यालाच शिधा मिळालेल्या घरांच्या मानाने या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे भातडाळ हेही औषधच झाले!

जमीन आणि मजुरी हे प्रश्न मोठे आहेत. ते सरकारने आणि समाजाने सोडवायचे. पण एक गोष्ट आजच होण्याजोगी आहे. रोग्याची नोंद एका सरकारी दवाखान्यातून दुसरीकडच्या दवाखान्यात बदलून घेता येते. तो कुठे चालला, एवढे मात्र वेळेवर कळायला हवे.

आणि हे आधी कोणाला कळते? गुरुजी, तुम्हाला! पोर वर्गात सांगते, "उद्या आम्ही भट्टीवर जाणार." त्याला जवळ घेऊन विचारा, "कोणत्या गावी रे? घरात कोणाला औषध चालू आहे का?" आणि त्याच संध्याकाळी आशाताईंना निरोप द्या. हजेरीपटावरची गैरहजेरी मांडण्याआधी एवढे झाले, तर त्या घरातले औषध तुटणार नाही.