पाहुण्यांची वैरण

मराठी माणूस कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हा संस्कार कितीही चांगला असला तरी ज्या घरी घोडे आहेत तेथे तो घोड्याच्या जिवावर बेतू शकतो, एवढाच या भाषणाचा विषय आहे. शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी, पुण्यातील पावसाळी व मुंबईतील हिवाळी हंगाम, सारंगखेड्याचा बाजार, किंवा २०२४ च्या आरंभी स्वतंत्र जात म्हणून नोंदल्या गेलेल्या भीमथडी घोड्याचा इतिहास, हे विषय श्रोत्यांच्या परिचयाचे आहेत असे धरून येथे वगळले आहेत. पुण्याच्या आसपास घोड्यांच्या पैदाशीची जी केंद्रे आहेत, ज्यांस लोकव्यवहारात 'स्टड फार्म' म्हणतात, त्यांपैकी एखाद्या केंद्राचा मालक स्नेही असेल आणि रविवारी सहकुटुंब तेथे जाण्याचा बेत ठरला असेल, तर मोटारीत जी पिशवी ठेवली जाते तिच्याकडे लक्ष वेधणे हाच या मिनिटांचा हेतू आहे.

त्या पिशवीत गुळाची ढेप असते, रात्रीच्या उरलेल्या पोळ्या असतात, क्वचित पावाची लादी व गाजरे असतात, आणि ती भरणाऱ्या हातांमागे गोग्रासाची जुनी सवय असते. दारी आलेल्या गाईस पोळी घातली तर गाय ती सहज पचविते, कारण तिच्या पोटाचा पहिला कप्पा शंभराहून अधिक लिटर मावेल असा प्रशस्त असून आत गेलेले अन्न ती रवंथासाठी पुन्हा तोंडात आणू शकते. घोडाही चार पायांचा व गवत खाणारा, म्हणून तोही गाईसारखाच, असा समज करून घेतला जातो, आणि येथेच सारी चूक होते. साडेचारशे ते पाचशे किलो वजनाच्या या प्राण्याचे जठर अवघे ८ ते १५ लिटरांचे, म्हणजे पाण्याच्या एका कळशीहून फारसे मोठे नसते. घोडा रवंथ करीत नाही, आणि मोकळा सोडला असता दिवसाचे बहुतेक तास तो थोडे थोडे चरत राहतो, ते या लहान जठरामुळेच.

ज्यांच्या घरी एके काळी जाते होते त्यांना ही रचना समजावून सांगण्याची गरज पडू नये. जात्याच्या तोंडात दाणे मुठीमुठीने टाकावे लागतात. मूठ आवळली तर तळ्या एकमेकींवर घासतात, आणि पायली एकदम ओतली तर खुंटा जड होऊन पिठाऐवजी भरड बाहेर पडते. अशा रीतीने जात्यात टाकलेल्या मूठभर धान्यास मराठीत 'वैरण' म्हणतात, आणि जनावराच्या चाऱ्यासही 'वैरण' असेच म्हणतात. हा योगायोग असो वा नसो, घोड्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. घोड्याचे पोट हे सतत फिरणारे जाते आहे, त्यास बारीक वैरण अखंड हवी असते, आणि ती किती व केव्हा घालावयाची हे ठरविणारा हात एकच असावा लागतो. पागेत तो हात मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या सेवकाचा असतो. वाळले गवत, लसूणघास, भिजविलेला हरभरा, ओट, कोंडा यांचे प्रमाण प्रत्येक जनावराचे वय, काम व गाभणपण पाहून ठरलेले असते आणि दाण्याचा हा खुराक, ज्यास 'चंदी' म्हणतात, ठरलेल्या वेळीच दिला जातो. या जात्यात येणाऱ्याजाणाऱ्याने आपापली मूठ टाकावयाची नसते.

उपमा येथवर चालते, पुढे मात्र एक भयंकर फरक आहे. जाते अडले तर वरची तळी उचलून ते मोकळे करता येते. घोड्यास ओकता येत नाही. अन्ननलिका जठरास ज्या ठिकाणी मिळते तेथील स्नायूचे वळे इतके घट्ट आणि जोडाचा कोन इतका तिरका असतो की आत गेलेले अन्न किंवा तेथे धरलेला वायू तोंडावाटे परत येणे जवळपास अशक्य असते. मनुष्यास जड जेवणानंतर जी सुटका सहज मिळते ती घोड्यास निसर्गाने नाकारली आहे. जठर तट्ट फुगले तर ते फाटू शकते, आणि एकदा फाटले की उपाय उरत नाही. म्हणून पशुवैद्य नाकपुडीतून लांब नळी थेट जठरापर्यंत घालून ते रिकामे करतो. हे काम रात्री-अपरात्री, कंदिलाच्या नसले तरी मोबाइलच्या उजेडात करावे लागते.

रात्री-अपरात्री हा शब्द येथे सहज आलेला नाही. पोटशूळ, ज्यास घोड्यांचे लोक इंग्रजीच्या वळणाने 'कॉलिक' म्हणतात, पोळी खाताक्षणी उठतोच असे नाही. तो काही तासांनीही उठतो. तोपर्यंत पाहुण्यांची मोटार घरी पोचलेली असते, मुले घोड्यांची छायाचित्रे पाहत झोपी गेलेली असतात, आणि इकडे घोडी पुढच्या खुराने जमीन उकरीत, मान वळवून पुन:पुन्हा कुशीकडे पाहत, घामाने भिजून गडबडा लोळत असते. दुसऱ्या दिवशी यजमान आभाराच्या निरोपास हसून उत्तर देतो आणि रात्रीचा प्रकार सांगत नाही, कारण मैत्रीची भीड असते. त्यामुळे पाहुण्यांना आपण काय केले हे कधीच कळत नाही आणि पुढील भेटीत ढेप थोडी मोठीच येते. मोतद्दार 'नको हो साहेब' एवढे एकदा म्हणतो. त्याहून अधिक म्हणण्याची त्यास मुभा नसते. त्याचे ते एकदाचे म्हणणेच पाहुण्यांनी शेवटचे मानावे.

'एकच पोळी तर आहे' असे यावर हमखास म्हटले जाते, आणि एखाद्या तुकड्याने धडधाकट घोडा मरत नाही हे खरेही आहे. परंतु रविवारी पागेत एकच कुटुंब येत नसते, दाराजवळच्या देखण्या घोडीस प्रत्येक मुलाचा तुकडा मिळतो, आणि आत अंधारात उभ्या असलेल्या घोड्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून वाटणी कधीच सारखी होत नाही. त्यातून पिठूळ व गोड पदार्थांचा घोटाळा जठरापाशी संपत नाही. लहान आतड्यास जेवढे पिष्ट पचते त्याहून अधिक झाले तर उरलेले पुढे अंधांत्रात, म्हणजे एका टोकाशी बंद असलेल्या सुमारे ३० लिटरांच्या पिशवीत, जाऊन पडते. तेथील सूक्ष्मजीव गवताचे तंतू सावकाश आंबवून घोड्यास ऊर्जा पुरवीत असतात. त्यांच्यापुढे एकाएकी पिष्टाची रास पडली की आंबण्याचा वेग वाढतो, आम्ल साचते, कामाचे जीव मरतात आणि त्यांतून सुटलेली विषे रक्तात उतरतात. त्याचा एक परिणाम पोटापासून फार दूर, खुरात दिसतो: खुराची बाहेरची भिंत आणि आतले हाड यांना धरून ठेवणाऱ्या नाजूक पापुद्र्यांचा दाह होतो आणि घोडा जणू निखाऱ्यांवर उभा असल्यासारखे पाय उचलू लागतो. खाल्ले तोंडाने आणि लंगडला पायाने, यामुळे कारण शोधणाऱ्याची दिशाभूल होते.

पिशवी घरी ठेवली तरी मुलांचे हात मोकळेच असतात. कुंपणाला फुललेल्या कण्हेरीची फांदी मोडून घोड्यापुढे धरण्याइतके सोपे व घातक दुसरे काही नाही. कण्हेरीचे विष हृदयावर चालते आणि थोडकी पानेही जीव घेण्यास पुरेशी ठरतात. हिरवळ कापून पडलेल्या गवताचा ढीगही निरुपद्रवी दिसतो, परंतु तो आतून तापून आंबू लागलेला असतो आणि घोडा तो न चावता बकाबका गिळतो. बोटांविषयीही एक शब्द आवश्यक आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने नाकाच्या अगदी खाली धरलेली वस्तू त्यास दिसत नाही, तो ती ओठांनी आणि ओठांवरील राठ केसांनी चाचपतो, आणि त्या चाचपण्यात गाजर व लहान मुलाची करंगळी यांतील भेद नेहमीच होतो असे नाही. चावा घेतल्याबद्दल नंतर घोडा 'खोडकर' ठरतो. हातातून खाण्याची खोड त्यास कोणी लावली हे विचारले जात नाही.

मग पाहुण्यांनी करावे तरी काय, असा प्रश्न उरतो. खरारा, म्हणजे अंग घासण्याचा दातेरी ब्रश, मोतद्दाराच्या देखरेखीखाली खांद्याजवळ उभे राहून मानेवरून फिरवावा. मान व पाठ जेथे मिळतात तेथील उंचवट्यावर खाजविले असता बहुतेक घोडे वरचा ओठ लांब करून मान ताणतात आणि त्यांना ते गुळाहून गोड वाटते असे म्हणावयास हरकत नाही. दातांविषयी बरेच सांगण्यासारखे आहे: जात्यास जशी अधूनमधून टाकी लावावी लागते तशी घोड्याच्या दाढांनाही कानस लावावी लागते, फक्त येथे उपमा उलटी होते, कारण टाकीने दगड खरबरीत करतात आणि कानशीने दाढांची धारदार टोके घासून बोथट करतात, परंतु तो विषय उरलेल्या दीड मिनिटात बसणार नाही, आणि नालबंदाच्या कामाविषयी तर बोलणेच राहून गेले आहे.

एक गोष्ट मात्र राहता कामा नये. जाते चालू आहे हे शेजाऱ्यास त्याच्या घरघरीवरून कळते. मराठीत 'घरघर लागणे' हे अखेरीचे चिन्ह असले तरी घोड्याच्या पोटातील घरघर ही प्रकृती ठीक असल्याची खूण आहे, आणि पोट अगदी गप्प झाले तर वैद्य काळजीत पडतो. बहुतेक केंद्रांवर डॉक्टरांची ऐकण्याची नळी असते. मोतद्दाराने घोडी धरून ठेवली असता आणि यजमानाने परवानगी दिली असता ती नळी उजव्या कुशीच्या वरच्या खळग्यावर टेकवून मुलांच्या कानी द्यावी. आधी काहीच ऐकू येत नाही, मुले चुळबुळ करतात, आणि मग मिनिटाला एक-दोनदा लांबवर पाण्याचा लोंढा गडगडत उतरावा तसा आवाज येतो. तेवढ्या वेळात पिशवी कोणीतरी स्वयंपाकघरात नेऊन ठेवावी; ढेप मोठी असेल तर तिचा चहा यजमानासह सर्व मोतद्दारांना पुरतो.