ताई शिकवत नाही, मग करते काय?

मुरब्याहून आम्ही बोलतोय. हातातलं काम सोडू नका, काम करता करताच ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने कर्ज मागितलं. चार वर्षांच्या मुलीला खासगी नर्सरीत घालायचं होतं. फी, गणवेश, रिक्षा, सगळंच आलं. "अंगणवाडीत नुसती खेळतात. ताई शिकवतच नाही, मुलांना वाटेल ते करू देते," ती म्हणाली. खरं सांगायचं तर आम्हीही माना डोलावल्या.

कर्ज नाकारायचा प्रश्न नव्हता, तिची बचत नियमित आहे. पण पैसे द्यायच्या आधी ताई करते काय, हे बघून तर येऊ, असं ठरलं. एक दिवस बाजार बुडवून आम्ही चौघी सकाळीच जाऊन कोपऱ्यात बसलो.

मुलं यायच्या आधीच ताईने सगळं मांडून ठेवलं होतं. एका चटईवर शिंपले, दुसरीवर चिंचोके आणि वाट्या, खिडकीपाशी पाटी-खडू. मुलं आली आणि ज्याला जे आवडलं त्यापाशी बसली. नियम दोनच: दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं नाही आणि खेळून झालं की जागेवर ठेवायचं.

आमच्या मैत्रिणीची मुलगी चिंचोक्यांपाशी बसली. तिला वीसपर्यंत आकडे तोंडपाठ. ताई म्हणाली, "मला पाच दे." पोरीने मूठ भरून दिली, त्यात सात होते. आमच्यातली एक लगेच "अगं, सात झाले!" म्हणायला गेली, तर ताईने तिला डोळ्यांनीच थांबवलं. तिने पाच वाट्या पुढे सरकवल्या, "एकेकीत एकेक ठेव" म्हणाली आणि दुसऱ्या मुलाकडे गेली. पोरीने ठेवले. दोन उरले. तिने सगळे काढले, पुन्हा ठेवले. पुन्हा दोन उरले. तिसऱ्या खेपेला ते दोन चिंचोके उचलून ती ताईकडे धावली, "हे जास्त आहेत!"

आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मासळीचे वाटे लावणाऱ्या आपल्याला हे कोणी सांगायला हवं का? पाच बोंबलांच्या वाट्यात सात गेले, तर नुकसान कोणाचं? आम्ही चूक सांगून टाकली असती, तर पोरीने ऐकलं असतं आणि विसरली असती. आता ती तिची तिने शोधली.

नंतर ताईने आपली वही दाखवली. कोण कशापाशी बसलं, कुठे अडलं, कोण दारातच उभं राहिलं, ते त्यात होतं. उद्या काय मांडायचं, हे त्यावरून ठरतं. म्हणजे मांडायचं, बघायचं, थांबायचं आणि नेमक्या वेळी हात द्यायचा. शिकवणं नाही तर काय हे?

आणि हे काही कालचं खूळ नाही. आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची साधनं महाग, ती गावात परवडणार कशी? मग शिंपले, बिया, पानं, दगडगोटे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. सरकारी अंगणवाडी योजना १९७५ची, हे त्याच्या कितीतरी आधीचं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. मूल येत नाही म्हणून त्यांनी मुलाला नावं ठेवली नाहीत, आपली शाळा बदलली.

पण एक गोष्ट नीट समजून घेऊ. मुलांना मोकळं सोडून कोणी नुसतं बसून राहिलं, तर ते मुलाच्या कलाने शिकवणं नव्हे, ती नुसती राखण झाली. त्यातून ताईला आहार, वजन, लसीकरण यांच्या नोंदीही असतात. मग आपण काय करायचं? शिंपले, चिंचोके, रिकाम्या काड्यापेट्या गोळा करून द्यायच्या. आठवड्याला गटातल्या एकीने तासभर जाऊन बसायचं. आणि घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" याऐवजी "आज तू काय केलंस?" असं विचारायचं. करंदी निवडताना लेकराला शेजारी बसवा. जी तीन बोटं करंदी निवडतात, तीच उद्या पेन्सिल धरतात.

त्या मैत्रिणीचं कर्ज? ती म्हणाली, "जूनपर्यंत थांबते, रोज बघते, मग सांगते." तिने नर्सरीच निवडली, तरी गट तिला पैसे देईल. फक्त एवढंच, ती आता बघून ठरवेल.

तुमच्या अंगणवाडीत तुम्ही शेवटच्या कधी बसला होता? येत्या आठवड्यात एक सकाळ काढा. नमस्कार!