छायाचित्र कोणाचे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या तसबिरीला आताच हार घातला गेला. ती कोणी टिपली, हे मात्र कोणी विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयीच मला बोलावयाचे आहे.

डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याची छायाचित्रे पाहताना आपण गांधीजींना ओळखतो, गंगाधरराव देशपांडे यांना शोधतो. कॅमेऱ्यामागचा मनुष्य सहसा अनामिकच राहतो. त्या चित्रांवरील हक्काची मुदत केव्हाच सरली. ती आज कोणीही छापावीत. परंतु निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या स्त्रियांची चित्रे जो तरुण आज पदरमोड करून टिपतो, त्याचे काय?

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती चित्रे त्याची आहेत. पूर्वी हा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षे टिके. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. लग्नाचे मात्र निराळे. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, यजमानच ठरतो. आमच्या कित्येक व्यावसायिक बंधूंना हे ठाऊक नसते. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेले चित्र वृत्तपत्रात वा नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा. करार नसेल तर बाकीचे हक्क छायाचित्रकाराचेच.

आता परवान्याकडे वळू. आपल्या भागात जमीन खंडाने देण्याची रीत जुनी आहे. खंडाने दिली म्हणून उताऱ्यावरचे नाव बदलत नाही. (कूळकायदा आठवून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, त्याची भीती येथे नाही.) दिनदर्शिकेसाठी दिलेले चित्र दिनदर्शिकेपुरतेच असते. तेच पुढे उदबत्तीच्या पुड्यावर छापावयाचे, तर पुन्हा विचारावे लागते आणि पुन्हा मोल द्यावे लागते. या पुन्हा येणाऱ्या मोलावरच छायाचित्रकाराचे म्हातारपण निभू शकते. "फोटो द्या, खाली नाव छापू," एवढ्यावर त्याची चूल पेटत नाही. 1981 साली याच निपाणीत तंबाखू उत्पादक रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. कष्टाचा भाव मागण्यात संकोच कसला, हे येथे कोणी शिकवावयास नको.

ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे अवघड जाते, हे मी जाणतो. तरीही परवाना लेखीच हवा, असे कायदा म्हणतो. कोणते चित्र, कशासाठी, किती प्रती, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती रकमेस, हे त्यात यावे. हक्कच कायमचा लिहून देत असाल तर अधिक जपावे; मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर सारा भारत.