गेलेली पत पुन्हा कशी मिळते?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, संगीत, इतिहास असे विषय शोभून दिसतात. आमच्यासारख्या, शाळेपेक्षा कारखान्याच्या दारातच अधिक शिकलेल्या माणसाला चालकांनी बोलावले, म्हणून आम्ही आमच्या माहितीतला विषय घेतला आहे, तो म्हणजे स्वस्त मोटारगाडीचा. पण खरा प्रश्न मोटारीपुरता नाही. एकदा गेलेली पत पुन्हा मिळते काय, आणि मिळत असेल तर ती कोण मिळवून देतो, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

भर समुद्रात इंजिन बंद पडले म्हणजे काय होते, हे मढच्या नाखवांना आम्ही सांगायला नको. रस्त्यावरच्या गाडीत जिवाची तेवढी धास्ती नसेल. परंतु कर्ज काढून टॅक्सी घेतलेल्या माणसाची गाडी चार दिवस दुरुस्तीला पडली, की त्या महिन्याचा हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकला की घरातल्या दुधापासून पोरांच्या फीपर्यंत सगळ्यालाच कात्री लागते. श्रीमंताची गाडी बिघडली तर त्याची गैरसोय होते. ड्रायव्हरची बिघडली तर त्याची कमाई बुडते. म्हणून गाडीची खरी परीक्षा कोण करतो, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे: जो ती रोज बारा तास चालवतो तो.

आपल्या मुंबईचेच पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, या शहराची टॅक्सी झाली. त्या काळी गाड्यांचे कारखाने मोजके होते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. गिऱ्हाईकच रांगेत उभे असताना कारखान्याला पत सांभाळण्याची घाई कशाला असेल? पुढे बाजार खुला झाला, रांग संपली आणि कुर्ल्याचा कारखानाही थांबला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षे भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही निवृत्त झाली. तिच्या जागी ज्या गाड्या आल्या त्यांत दोन नावे आपल्या विषयाची आहेत. एक पुण्याची इंडिका, दुसरी कोरियाच्या ह्युंदाईची सँट्रो. दोन्ही एकाच वर्षी बाजारात आल्या. ते १९९८ साल श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

आधी पुण्याची गोष्ट. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही मूळची ट्रकवाली कंपनी. तिचा पुण्याचा कारखाना ज्यांनी उभा केला, त्या सुमंत मुळगावकरांविषयी एक गोष्ट सांगतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी ते नाहीसे होत आणि हमरस्त्यावरच्या ढाब्यावर ट्रकड्रायव्हरांच्या पंगतीला बसून, आपल्या ट्रकात काय खटकते ते विचारून घेत. गोष्टीत थोडे मीठमिरची असेल. पण ती टिकून राहिली यातच तिचे मर्म आहे. गाडीतले दोष ड्रायव्हरला ठाऊक असतात, हे कारखान्यातला कामगारही जाणतो आणि चांगला अधिकारीही.

अशा कंपनीने डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आणली. संपूर्णपणे आपल्या देशात विकसित केलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून तिचा गौरव झाला. ऑस्ट्रेलियात निस्सान कंपनीचा एक कारखाना बंद पडला होता; त्याची यंत्रे सुटी करून, जहाजात घालून पुण्याला आणली आणि पुन्हा जुळवली. किंमत अडीच लाखांच्या थोडी वर, आत ऐसपैस जागा, आणि डिझेलवर चालणारी; त्या वेळी डिझेल पेट्रोलहून बरेच स्वस्त होते. थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नाव नोंदवले.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. सांगितली तेवढी ताकद इंजिनात नाही, सांगितले तेवढे अंतर एका लिटरात जात नाही, आवाज फार, हादरे फार. ज्या लोकांनी कौतुकाने पैसे भरले होते, तेच नाव ठेवू लागले. २०००-०१ या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्या वेळेपर्यंत एवढा तोटा हिंदुस्थानातल्या कोणत्याही खाजगी कंपनीने दाखवला नव्हता. ट्रकांचा धंदाही तेव्हा मंदीत होता हे खरे. पण इंडिकाची गेलेली अब्रू ही त्यातली मोठी बाब होती.

अशा वेळी कंपनीपुढे दोन वाटा असतात. एक, जाहिरात वाढवावी, तक्रार करणाऱ्याला खोटे पाडावे. दुसरी, गाडी उघडून बघावी. इथे दुसरी वाट धरली गेली. गाडीच्या आतल्या भागांची पुन्हा नव्याने आखणी झाली आणि २००१ साली ‘इंडिका व्ही टू’ या नावाने ती परत आली. ‘व्ही टू’ म्हणजे दुसरी आवृत्ती. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘सुधारलेली’ असे छापतात, तेव्हा पहिलीत चुका होत्या हे प्रकाशक कबूल करतो. तशीच ही नावावरच लिहिलेली कबुली होती. पुढे काय झाले ते मुंबई-पुणे रस्त्यावर ज्यांनी गाडी हाकली त्यांना ठाऊक आहे. टुरिस्ट गाडी म्हटली की इंडिका, असे दिवस आले.

पण तिच्या वाट्याला एक गंमतही आली. ड्रायव्हरांनी ती इतकी आपलीशी केली की पांढरपेशे गिऱ्हाईक म्हणू लागले, ‘ही तर टॅक्सीवाल्यांची गाडी.’ वास्तविक ज्याचे पोट गाडीवर आहे तो पारखून घेतो. त्याने घेतली यापरते मोठे प्रशस्तिपत्र नाही. परंतु आपल्या समाजात कष्टकऱ्याने वापरलेली वस्तू हलकी ठरते. नॅनो गाडीचेही तसेच झाले. २००९ साली लाखाच्या घरातली गाडी म्हणून ती आली. सुरुवातीस काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी माणसे बिचकली, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. २०१८ नंतर ती बनली नाही. स्वस्त असणे हा गुन्हा नाही. पण स्वस्त वस्तू हलकी नाही, याची खात्री घेणाऱ्याला पटवून द्यावी लागते आणि ती तोंडी देऊन भागत नाही.

आता कोरियाकडे वळू. ह्युंदाईने १९८६ साली अमेरिकेत ‘एक्सेल’ नावाची गाडी ४,९९५ डॉलरांना विकायला काढली. पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांवर गाड्या खपल्या. मग त्या बिघडू लागल्या, गंजू लागल्या. अमेरिकेतले विनोदवीर कोणाची टर उडवायची झाली की ह्युंदाईचे नाव घेत. खप घसरत घसरत १९९८ साली नव्वद हजारांच्या आसपास आला. त्याच वर्षी कंपनीने तिथे जाहीर केले, की इंजिन आणि गिअरपेटी यांची आम्ही दहा वर्षे किंवा एक लाख मैल हमी देतो. इतर कंपन्या तेव्हा याच्या निम्मीही हमी क्वचित देत. लोकांना वाटले, हे दिवाळे काढणार.

या हमीचा अर्थ आम्ही कामगारांच्या भाषेत सांगतो. हमीपत्र म्हणजे कारखान्याने स्वतःवर बसवून घेतलेला दंड होय. हमी नसेल तर खराब नटबोल्टाची किंमत ड्रायव्हर भरतो. हमी असेल तर तीच किंमत कारखान्याच्या वहीत खर्च म्हणून उमटते. गाडी परत आली की कोणता भाग गेला, तो कोणी पुरवला, कोणत्या टप्प्यावर बसला, हे शोधावेच लागते. म्हणजे पूर्वी जी ओरड रस्त्यावर विरून जाई, ती आता हिशेबाच्या कागदावर येऊन साहेबांच्या टेबलावर बसते. १९९९ साली चुंग मोंग-कू यांच्या हाती कंपनीची सूत्रे आली. त्यांनी दर्जा तपासणाऱ्या खात्यातली माणसे अनेक पटींनी वाढवली. २००४ साली जे. डी. पॉवर या संस्थेने नव्या गाड्यांच्या दर्जाची पाहणी केली, तेव्हा कंपन्यांच्या यादीत टोयोटाच्या पाठोपाठ, होंडाच्या बरोबरीने ह्युंदाईचे नाव आले. ज्यांनी टर उडवली होती त्यांनाही ते छापावे लागले. २००९ च्या मंदीत तर कंपनीने अमेरिकेत असे जाहीर केले, की गाडी घेतल्यापासून वर्षाच्या आत गिऱ्हाईकाची नोकरी गेली तर गाडी परत आणून द्यावी. लोकांच्या मनातली भीती ओळखून केलेला हा सौदा होता, आणि तो फळला.

इथवरची गोष्ट आपल्याला कोणत्याही व्यापारशास्त्राच्या पुस्तकात मिळेल. पण आम्ही कोणत्याही कंपनीचे दलाल नव्हे. तेव्हा त्या पुस्तकांत सहसा न येणारे पानही आपल्यापुढे ठेवले पाहिजे.

तेच १९९८ साल. त्या उन्हाळ्यात उल्सान येथील ह्युंदाईच्या कारखान्यात मोठी कामगारकपात निघाली. कामगारांनी कारखान्यात ठाण मांडले. बायकामुलेही येऊन राहिली. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि २७७ जणांना कामावरून जावे लागले. त्यांत मोठा भाग कारखान्याच्या उपाहारगृहात रांधणाऱ्या स्त्रियांचा होता. बंधुभगिनींनो, एकाच वर्षात गाडी घेणाऱ्याला दहा वर्षांची हमी मिळाली आणि गाडी करणाऱ्यांना जेवू घालणाऱ्या बाईला दहा दिवसांचीही मिळाली नाही.

यावर कोणी म्हणेल, कामगारांचे दुःख आम्हांला समजते, पण गाडीच्या दर्जाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ह्युंदाईच्याच इतिहासात आहे. पुढे या कंपनीच्या काही इंजिनांत दोष निघाले. चालती गाडी बंद पडणे, आग लागणे इथवर गोष्ट गेली. गाड्या परत बोलावण्यात कंपनी टाळाटाळ करते आहे, हे २०१६ साली अमेरिकन सरकारला कोणी कळवले? किम ग्वांग-हो या त्याच कंपनीतल्या अभियंत्याने. पंचवीस वर्षांहून अधिक चाकरी झालेल्या या माणसाला कंपनीने कामावरून काढले. २०२० साली ह्युंदाई आणि किया या दोन्ही कंपन्यांना अमेरिकेत मिळून २१ कोटी डॉलरांचा दंड आणि अटी मान्य कराव्या लागल्या. २०२१ साली अमेरिकन सरकारने किम यांना दोन कोटी चाळीस लाख डॉलरांहून अधिक बक्षीस दिले. ज्याला कंपनीने शत्रू ठरवले, तोच तिच्या गिऱ्हाईकांचा राखणदार निघाला.

दोष पहिल्याने दिसतो तो काम करणाऱ्या हाताला. भोक नीट जुळत नाही, पत्रा पातळ आलेला आहे, पट्टा पुढे सरकायची घाई होते आहे, हे त्याला कागदावर येण्याच्या कितीतरी आधी कळते. तो बोलेल केव्हा? उद्या नोकरी राहील याची खात्री असेल तेव्हा. सात महिन्यांनी ज्याला घरी पाठवायचे आहे, तो कंत्राटी पोरगा तोंड मिटून पट्टा पुढे ढकलील, आणि त्याला आम्ही दोष देणार नाही. काही लोक म्हणतात, युनियन आली की माल बिघडतो. उल्सानची युनियन कोरियातल्या सर्वांत बळकट युनियनांपैकी एक आहे. ती असतानाच ह्युंदाईची गाडी तळातून वर चढली. एवढे उदाहरण पुरे आहे.

आपल्या देशातही पत मिळवून झाली, आता विश्रांती, असे होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने इथे बनणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत टाटांची नॅनो होती आणि ह्युंदाईची आय-टेनही. बिघाडाची तक्रार ड्रायव्हर तरी करू शकतो. अपघातात गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, म्हणून ही उणीव इतकी वर्षे खपली. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावला बनणाऱ्या टाटांच्या नेक्सॉन गाडीला त्याच संस्थेच्या परीक्षेत पाच तारे मिळाले. भारतीय कंपनीच्या गाडीला ते प्रथमच मिळत होते. बाहेरच्या माणसाने उघड्यावर परीक्षा घेतली आणि निकाल छापला, तेव्हा कारखाने हलले, हे इथे विसरू नये.

आणि आता ह्युंदाई आपल्या दारात आली आहे. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजाराच्या आसपास कामगार वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या आणि उपोषणे करत राहिले. नव्या मालकाने आम्हांलाही कामावर घ्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने विकत घेण्याचा करार केला तो जमिनीचा, इमारतींचा आणि यंत्रांचा. माणसे त्या यादीत नव्हती. २०२५ साली तिथे पुन्हा काम सुरू झाले. यंत्र दुसऱ्या हाताला गेले तरी चालते. पण ज्या हातांना त्या यंत्राची खोड ठाऊक होती, ते बाहेर राहिले. हा तोटा कोणत्या वहीत लिहायचा?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पत जाहिरातीने परत येत नाही. चूक मान्य करून, वस्तू उघडून, हमी लिहून देऊन ती परत येते. पुण्यात आली, उल्सानलाही आली. पण ती टिकते तेव्हाच, जेव्हा चालवणाऱ्याचे आणि बनवणाऱ्याचे, दोघांचेही म्हणणे कोणीतरी ऐकत असते. आपण उद्या गाडी घ्याल, रिक्षा घ्याल, होडीचे इंजिन घ्याल. दुकानात हमीचा कागद जरूर वाचून घ्या. त्यात काय दिले आहे यापेक्षा काय वगळले आहे ते आधी पाहा. स्टँडवरच्या ड्रायव्हराला विचारा. आणि जमल्यास एक प्रश्न अधिक विचारा, की ही वस्तू बनवणारा माणूस पुढच्या वर्षी त्या कामावर असेल काय? विक्रेता गोंधळेल. गोंधळू द्या, दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील.