थोरल्याचे हात, धाकट्याची पुस्तके
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या थोरल्याने दहावीनंतर शाळेला रामराम ठोकला, तेव्हा चार दिवस मी खडकवासल्यात कोणाला तोंड दाखविले नाही. मग मंडळातल्याच एका मावशींनी मला काटकर बंधूंची हकीकत सांगितली.

हे कुटुंब मूळचे साताऱ्याकडील रहिमतपूरचे. थोरल्या कैलासरावांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले आणि १९९०च्या सुमारास मंगळवार पेठेत स्वतःचे लहानसे दुकान काढले. धाकटे संजयराव मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत राहिले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत ‘व्हायरस’ शिरलेले असत. ते काढून टाकणारी आज्ञावली संजयरावांनी लिहिली. १९९५ साली ती बाजारात आली. तीच ‘क्विक हील’! पुढे २०१६ साली कंपनीचे समभाग शेअरबाजारात आले.

एकाचे हात चालले, म्हणून दुसऱ्याची पुस्तके चालली.

माझा थोरला फावल्या वेळी जुने रेडिओ उघडून बसे. त्या छंदाला मी ‘नसते उद्योग’ म्हणत असे. आज तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि संगणक शिकणाऱ्या धाकट्या बहिणीची फी भरतो.

भगिनींनो, मूल कशात रमते ते आधी पाहू या, गुणपत्रिका मागाहून!