साठलेलं प्रथिन आणि विसरलेला गोवर



विकृतिशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांच्या या राज्यस्तरीय अधिवेशनाच्या अध्यक्षपदी तुम्ही मला बसवलंत. अध्यक्षाला तासभर कुणी अडवत नाही. त्या सवलतीचा फायदा घेऊन एकच विषय मांडते. संसर्गाचे आजार वेगळे आणि शरीरात प्रथिनं साठून होणारे आजार वेगळे, हे आपण पहिल्या वर्षापासून घोकत आलो. परीक्षेत त्यांचे प्रश्नही वेगळे येतात. रुग्णाच्या शरीरात मात्र ही वाटणी टिकत नाही, आणि ती आपण डोक्यात धरून ठेवल्यामुळे आपल्याच राज्यातल्या काही मुलांचं निदान उशिरा होतं, असं माझं ठाम मत आहे.

1976 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक दोघांत विभागून दिलं गेलं. बारुख ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात अनोळखी प्रथिन सापडलं होतं. ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचं निघालं. दुसरे कार्लटन गायडुशेक. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे लोकांमध्ये कुरू नावाचा आजार होता. तोल जायचा, अंग थरथरायचं आणि वर्षभरात माणूस जायचा. मेलेल्या आप्तांचं मांस खाण्याची अंत्यविधीची प्रथा तिथे होती, आणि आजार बायकामुलांत जास्त दिसे. गायडुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या मेंदूतला अंश चिंपांझींना टोचला आणि काही काळाने त्यांनाही तोच आजार झाला. तेव्हा सगळ्यांनी मानलं की हा एखादा मंदगती विषाणू असणार. 1982 मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी मांडलं की अशा आजारांत विषाणू नाहीच, जे आहे ते नुसतं प्रथिन; त्याची घडी चुकलेली असते, हे पुढे कळलं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दुधाचं दही व्हावं, तसं हे प्रथिन, म्हणजे प्रियॉन, आपल्याच चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखी घडी घ्यायला लावतं. फरक एवढाच की दह्यात जिवाणू वाढतात, इथे सजीव असं काहीच वाढत नाही. ती प्रथा 1950 च्या दशकाअखेर थांबली, पण काही रुग्णांत आजार पन्नास वर्षांहून जास्त काळ दडून राहिला आणि मग वर आला.

म्हणजे एका वर्षीच्या एका पारितोषिकात विषाणूचं प्रथिनही होतं आणि विषाणू समजलं गेलेलं प्रथिनही. या दोन गोष्टी तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत.

ब्लुमबर्ग यांचं प्रथिन आपल्याला रोज भेटतं. दीर्घकालीन हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या यकृताची स्लाइड आठवा. काही पेशींचा पेशीद्रव फिकट गुलाबी, एकसारखा, बारीक रवाळ दिसतो आणि केंद्रक एका कडेला सरकलेलं असतं. ओर्सीनचा रंग दिला की तोच भाग तपकिरी होतो. या आपल्या ग्राउंड ग्लास पेशी. आत काय असतं? विषाणूच्या आवरणाचं प्रथिन, पेशीच्या अंतर्जालिकेत कोंबलेलं. विषाणूला लागतं त्यापेक्षा हे प्रथिन कितीतरी पटीने जास्त तयार होतं. 1989 मध्ये फ्रान्सिस चिसारी यांच्या गटाने असे उंदीर घेतले की ज्यांच्या यकृतात विषाणू नव्हता, फक्त त्याच्या आवरणाचं एक प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होत होतं. ते साठत गेलं, पेशी मरत गेल्या, आणि पुढे यकृताचा कर्करोग झाला. आणि यीस्टमध्ये तयार करून थोड्या मात्रेत टोचलेलं याच विषाणूचं आवरण-प्रथिन आपल्या नवजात बाळांचं रक्षण करतं. प्रथिन किती आहे, कुठे अडकलंय आणि ते बाहेर काढायला पेशीला जमतंय का, यावर सगळं ठरतं.

आता मी ज्या आजारासाठी उभी आहे, त्याकडे येते: सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, म्हणजे आपल्या बोलण्यातला एसएसपीई.

आठ-दहा वर्षांचं मूल. शाळेतून तक्रार येते की अक्षर बिघडलंय, लक्ष नाही, पाढे विसरतो. घरचे रागावतात, शिकवणी लावतात. मग जेवताना मान एकदम खाली पडते, हातातला पेला सुटतो, आणि हे ठरावीक अंतराने होत राहतं. ईईजीवर त्याच लयीत उंच लाटा दिसतात. तपासणाऱ्याला शंका आली तर तो आईला विचारतो, लहानपणी अंगावर पुरळ उठलं होतं का? आई जरा विचार करून म्हणते, वर्षाचाही नव्हता तेव्हा गोवर आला होता, आठवड्यात बरा झाला. पाठीतल्या पाण्यात गोवराची प्रतिपिंडं प्रचंड सापडतात. इंटरफेरॉन, आयसोप्रिनोसिन देतात, काहींचा काळ थोडा लांबतो. बहुतेक मुलं एक ते तीन वर्षांत जातात.

मेंदूत काय झालेलं असतं? गोवराच्या विषाणूला बाहेर पडण्यासाठी एम नावाचं प्रथिन लागतं. त्या मुलाच्या मेंदूत राहिलेल्या विषाणूत एम बिघडलेलं असतं, कधी तयारच होत नाही. त्यामुळे नवे विषाणू पेशीबाहेर पडत नाहीत. एफ या दुसऱ्या प्रथिनात असे बदल होतात की विषाणू एका चेतापेशीतून शेजारच्या चेतापेशीत आतल्या आत सरकतो, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. एन प्रथिनात गुंडाळलेला त्याचा जनुकीय धागा पेशीत आणि केंद्रकात साठत जातो. स्लाइडवर केंद्रकाच्या मधोमध लालसर गोळा आणि त्याभोवती पांढरं कडं दिसतं, ते हेच.

इथवर हा विषाणूच्या प्रथिनाचा साठा झाला. पण आजार लांबलेल्या काही रुग्णांत चेतापेशींमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंतेही सापडतात. अल्झायमरमध्ये दिसतात तसेच, आणि तेही अल्झायमरच्या वयाच्या जवळपासही न पोचलेल्या रुग्णांत. अमायलॉइडचे ठिपके मात्र सहसा नसतात. बाहेरून आलेल्या प्रथिनाने सुरुवात केली आणि पुढे आपलंच प्रथिन साठू लागलं, हा प्रवास याहून स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या आजारात दिसलेला नाही.

संसर्गातून अमायलॉइड, ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. वर्षानुवर्षं रेंगाळलेला क्षयरोग, यकृतातून सतत स्रवणारं एसएए प्रथिन, सुजलेले पाय, लघवीतून जाणारी प्रथिनं, आणि मूत्रपिंडाच्या बायोप्सीवर काँगो रेडची ती ध्रुवित प्रकाशातली हिरवी चमक तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

अल्झायमर आणि नागीण-हर्पिसचे विषाणू यांच्या नात्याबद्दल गेल्या काही वर्षांत जे पुढे आलं, ते मी जपूनच सांगेन. बीटा-अमायलॉइड प्रयोगशाळेत जंतूंना अडवतं, हे रॉबर्ट मॉयर आणि रुडॉल्फ टांझी यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं. वेल्समध्ये नागिणीची लस 2 सप्टेंबर 1933 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळाली. एका आठवड्याच्या फरकाने काहींना मिळाली, काहींना नाही. 2025 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंश साधारण एक पंचमांशाने कमी आढळला. हा पुरावा वजनदार आहे. पण लशीने नेमकं कोणतं प्रथिन साठायचं थांबलं, हे त्यातून कळत नाही. तसंच कोविडच्या स्पाइक प्रथिनाचं. 2022 मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या संशोधकांनी दाखवलं की त्याचे तुकडे परीक्षानळीत अमायलॉइडसारखे तंतू करतात. त्यावरून फोनवर फिरणारी भीती मी वाचते तेव्हा मला काळजी वाटते, कारण तिचा फटका लशीवरच्या विश्वासाला बसतो. परीक्षानळीतला तंतू आणि माणसाच्या ऊतीत पाहिलेला तंतू यांतला फरक लोकांना सांगणं आपलंच काम आहे. तो फरक आपल्याइतका कुणाला कळतो?

मला लशीवरच्या विश्वासाची एवढी चिंता का, याचं उत्तर पुन्हा गोवरातच आहे. 2022 च्या पावसाळ्यानंतर गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला. भिवंडीत, मालेगावातही पसरला. काही मुलं दगावली, बाकीची बरी झाली आणि आपण तो विषय मिटवला. एसएसपीई गोवरानंतर साधारण सहा ते दहा वर्षांनी दिसतो, आणि दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका सगळ्यात जास्त असतो. त्या साथीतली तान्ही बाळं आता शाळेत जाऊ लागली आहेत. 2028 पासून पुढची काही वर्षं त्यांच्यापैकी कुणाचं अक्षर बिघडलं, कुणाची मान अशी पडू लागली, तर ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. आज अशा मुलाच्या केसपेपरवर 'आकडी' लिहिलेलं असतं आणि गोवराचा उल्लेखही नसतो. गोवर कुठल्या महिन्यात झाला, लशीचा नवव्या महिन्यातला आणि नंतरचा दुसरा डोस चुकला का, ही माहिती महापालिकांच्या साथनोंदींत आहे, पण ती मुलाबरोबर पुढे गेलेली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बालरोगतज्ज्ञांनी शाळकरी मुलाच्या प्रत्येक नव्या झटक्यासोबत गोवराचं वय आणि लशीच्या तारखा लिहाव्यात. एसएसपीईचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाची एक समाईक नोंदवही राज्यभर चालावी. ती चालवण्याची जबाबदारी या अधिवेशनाने घ्यावी, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता. आणि मूल गेल्यावर आईवडिलांशी शवविच्छेदनाबद्दल बोलायला आपण कचरतो, ते थांबवू या. नीट समजावून सांगितलं तर अनेक आईवडील होकार देतात, कारण दुसऱ्या कुणाचं मूल वाचावं असं त्यांना मनापासून वाटतं. त्या ऊतीवर टाऊ आणि गोवराचं एन प्रथिन यांचे रंग शेजारी शेजारी देऊन पाहण्याची सोय आपल्या मोठ्या प्रयोगशाळांत आहे. नोंदवहीचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या सत्राआधी तो वाचा, दुरुस्त्या सुचवा, आणि आपल्या जिल्ह्याचं काम घ्यायला जे तयार असतील त्यांनी त्यावर आपलं नाव लिहावं.